मुक्कामाची जागा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. आम्ही दोन कुटुंबे, म्हणजे चार मोठी माणसे आणि तीन मुले, चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका जुन्या मालगुजारी तलावावर मुक्कामाला गेलो. तलाव गावशिवारातला होता आणि पलीकडच्या काठापासून जंगल सुरू होत होते. रात्र तंबूत काढायची, मुलांना आकाश दाखवायचे, सकाळी पक्षी पाहायचे असा बेत होता. जागा आम्ही शोधली तीही अगदी मनासारखी. तलावाचे पाणी जिथे उथळ होत जंगलाकडे शिरत होते, तिथे गवताची एक सपाट जीभ होती. समोर मावळता सूर्य, पाण्यात वाळक्या झाडांचे बुंधे, काठावर बगळे. चित्रात काढावी तशी जागा. तंबूचे पहिले दोन खुंटे ठोकून झाले होते.

तेवढ्यात जाळे खांद्यावर टाकून एक वयस्क ढिवर पाळीवरून खाली उतरला. थोडा वेळ आमच्याकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "इथं नोका राहू जी. हा रस्ता हाये."

मी आजूबाजूला पाहिले. रस्ता कुठेच नव्हता. "कोणाचा रस्ता, बाबा?"

"सगळ्याहीचा," तो म्हणाला, आणि पाण्याच्या कडेने जंगलाकडे जाणारी, गवतात जेमतेम दिसणारी एक दबलेली रेघ त्याने काठीने दाखवली.

आम्ही सामान उचलले. त्याच्याच सांगण्यावरून गावालगतच्या शाळेच्या पटांगणात तंबू लावले. तिथून तलाव दिसत नव्हता. मुले हिरमुसली आणि खरे सांगायचे तर मीही. सकाळी त्या गवताच्या जिभेवर गेलो, तेव्हा आमचे दोन खुंटे उपटून पडलेले होते आणि सगळी जमीन रानडुकरांनी नांगरल्यासारखी उकरलेली होती. चितळांचे खूर तर मोजता येणार नाहीत इतके होते. वाघाचा ठसा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पण डुकरांच्या कळपात मध्यरात्री तीन मुलांसह सापडण्यासाठी वाघच असला पाहिजे असे नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. आम्ही ज्या नजरेने जागा निवडली आणि त्या ढिवराने ज्या नजरेने ती नाकारली, त्या दोन नजरांत फरक कशाचा? रानात मुक्कामाची जागा कशी निवडावी याचे काही शास्त्र होते का? हा लेख त्या शोधातून आला आहे. जुनी पुस्तके आणि अहवाल चाळणे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत फिरताना भेटेल त्याला विचारणे, एवढीच माझी साधने आहेत.

पडाव, डेरा, छावणी

मराठीत मुक्कामाला शब्द कमी नाहीत. मुक्काम, पडाव, तळ, डेरा, छावणी, राहुटी. यातले बहुतेक शब्द लष्कराच्या, व्यापाऱ्यांच्या किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यांच्या वापरातले. मौजेसाठी रानात राहणे या अर्थाचा एकही जुना शब्द मला सापडला नाही. रानात राहणे ही गरज होती. त्यामुळे जागेची निवडही गरजेच्या हिशेबाने होई.

या मुलखाच्या मुक्कामांची लेखी नोंद मिळू लागते ती इंग्रजी अमलात. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि चांदा हा त्याचा जिल्हा बनला. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा आहे. असा अहवाल कचेरीत बसून लिहिता येत नसे. त्यासाठी गावोगाव हिंडावे लागे. सातपुड्याच्या मुलखावरचे कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे प्रसिद्ध पुस्तक १८७१ मध्ये निघाले, आणि मध्य प्रांताच्या वन्य प्राण्यांवरचे डनबार ब्रँडर यांचे पुस्तक १९२३ मध्ये. ही सगळी मंडळी हिवाळाभर तंबूत राहत. दिवाळीनंतर दौरा निघे तो उन्हाळा तापेपर्यंत. तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब झोपलेला असताना दुसरा बैलगाडीने रात्रीच पुढच्या मुक्कामाला निघे. एक मजल दहा-बारा मैलांची.

हे मुक्काम कुठे पडत? बहुतेक वेळा गावाच्या आमराईत. कारण साधे आहे. या भागातले जंगल पानझडीचे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू ही झाडे हिवाळा संपता संपता उघडी पडू लागतात. सागाच्या रानात मार्चमध्ये सावली शोधून पाहा, म्हणजे कळेल. आंबा बारमाही हिरवा. शिवाय आमराई म्हणजे कोणीतरी लावलेली झाडे, म्हणजे जवळ गाव, विहीर किंवा बोडी, दूध आणि धान्य. खालची जमीन गुरांनी तुडवून साफ झालेली. तिथे उंच गवत नाही, त्यामुळे साप-विंचू कमी आणि आगीची धास्तीही कमी. हिंस्र जनावरही गावच्या कुत्र्यांच्या पट्ट्यात सहसा बेधडक येत नाही. सौंदर्य हा निकष या यादीत नव्हता. आमराई सुंदर होती, पण तिची निवड त्यासाठी झालेली नव्हती.

पुढे वनखात्याची आणि बांधकाम खात्याची विश्रामगृहे बांधली गेली, ती याच मजलांच्या हिशेबाने. अशा बऱ्याच जुन्या इमारतींभोवती मी फिरलो आहे. बहुतेक ठिकाणी बंगला पाण्याच्या जवळ असतो, पण पाण्यावर नसतो. तो थोड्या उंचवट्यावर असतो आणि पुढे मोकळे अंगण असते. पाणी दिसावे इतके जवळ, पण रात्री पाण्यावर येणाऱ्याच्या वाटेत येऊ नये इतके दूर. आजचा पर्यटक ज्याला 'वॉटरफ्रंट' म्हणतो, तो जुन्या माणसांनी जनावरांसाठी सोडलेला होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर जुन्या दिवसांविषयी खोटा गहिवर येतो. साहेबाचा तळ पडला की गावावर वेठ येई. गाड्या, सरपण, कोंबड्या, दूध, पाणी भरायला माणसे हे सगळे गावाने पुरवायचे. मोबदला कधी मिळे, कधी मधल्यामध्ये जिरे. मुक्कामाची जागा पाहुण्यासाठी चांगली होती, यजमानासाठी असेलच असे नाही. हा प्रश्न आजही संपलेला नाही, त्याकडे पुढे येतो.

पाणी आणि वाट

आता त्या ढिवराच्या नजरेकडे. त्याच्यासारख्या अनेकांशी बोलून जे हाती लागले ते असे, की रानातली माणसे जागा पाहत नाहीत, हालचाल पाहतात. इथे संध्याकाळी काय दिसते यापेक्षा इथून रात्री कोण जाते, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

हिवाळा सरला की नाल्यांतले पाणी आटते आणि जनावरे उरलेल्या पाणवठ्यांवर एकवटतात. तृणभक्षी आले की त्यांच्यामागे वाघ, बिबट, रानकुत्री येतात. वाघाला काट्याकुट्यातून चालण्याची हौस नसते. तो गाडीवाट, पायवाट, जंगलातला रस्ता, कोरड्या नाल्याची वाळू यांवरून चालतो. म्हणून सपाट, मऊ, मोकळी आणि पाण्याला लागून असलेली जागा, म्हणजे तंबूला सर्वांत आकर्षक वाटणारी जागा, हीच बहुधा सर्वांची वाट असते. कोरड्या नाल्याच्या वाळूत तंबू लावणारे मी पाहिले आहेत. वाळू मऊ असते, खुंटे पटकन बसतात, मुलांना खेळायला मिळते. पण तो रानाचा हमरस्ता असतो. ताडोबा तलाव आणि त्यासारख्या काही पाण्यांत मगरीही आहेत, म्हणजे काठ हा केवळ जमिनीवरून येणाऱ्यांचाच नाही.

मोठ्या नद्यांच्या पात्रात आणखी एक धोका असतो, तो माणसाने केलेला. वैनगंगा चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून दक्षिणेला वाहते, चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे आणि खाली सिरोंच्यासमोर मेडीगड्डाचा बंधारा. धरणाचे दरवाजे उघडले की आकाश निरभ्र असतानाही नदी चढते. वाळूचे बेट दिवसा पाहायला सुरेख असते, रात्री झोपायला नव्हे. सिरोंचासारखे जुने गाव नदीकाठचे असूनही उंच थडीवर वसलेले आहे, ते उगाच नाही.

झाड आणि जमीन

पाणी आणि वाट यांचा विचार झाला की वर आणि खाली पाहायचे. वर म्हणजे झाड. वठलेली फांदी, मधमाश्यांचे पोळे आणि वाळलेले बांबूचे रांजण, या तिन्हींखाली तंबू नको. आग्या मोहोळाखाली चूल पेटवली तर धुराने काय होते, हे वेगळे सांगायला नको. मोहाचे झाड मोठे, सावलीचे, पण मार्च-एप्रिलमध्ये ते टाळायचे. पहाटे मोहफुले टपटपू लागली की हरणे येतात, अस्वल येते आणि फुले वेचायला माणसेही येतात. अस्वलाची नजर अधू असते. समोरासमोर अचानक गाठ पडली की ते पळण्याऐवजी अंगावर येते. या भागात अनेक जण अस्वलाला वाघापेक्षा जास्त भितात, आणि त्यांचे चुकत नाही.

खाली म्हणजे जमीन. वारुळे आणि त्यांना पडलेली ताजी भोके दिसली तर अस्वल तिथे येऊन गेलेले असते. जमिनीतल्या भेगा, दगडांचे ढीग आणि साठवलेले सरपण यांत साप आणि विंचू असतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश इतका कमी दुखतो की कित्येकांना तो कळतही नाही. म्हणून जुनी माणसे रानात बाजेवर झोपत. आजच्या तंबूत तेच काम तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू करतो. तळ नसलेली नुसती राहुटी असेल तर बाज आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हवी. मच्छरदाणी गडचिरोलीत आणखी एका कारणाने हवीच. महाराष्ट्रात मलेरियाचा सर्वांत जास्त भार वाहणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली आहे, त्यातही मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम जातीचा मलेरिया इथे आढळतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे विसरू नये. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठे जाऊन आलो हे आपणहून सांगावे.

जुन्या नोंदींत आणि महसुली नकाशांत या भागात एक शब्द वारंवार भेटतो, 'रीठ'. रीठ म्हणजे उजाड झालेले गाव. रानात मध्येच चिंचेची, आंब्याची जुनी झाडे, बुजलेली विहीर, देवाचे दगड दिसले की समजावे, ही रीठ आहे. पाणी, उंचवटा, सावली असे सगळे गुण त्या जागेत असतात, कारण कोणीतरी एकेकाळी नीट पारखूनच ती निवडली होती. पण मग ते उठून का गेले? पाणी आटले, साथ आली, वाघ लागला, की सरकारने हलवले? हा प्रश्न विचारल्याशिवाय रिठीवर मुक्काम करू नये, असे मला एका गोंड म्हाताऱ्याने सांगितले. त्याच्या सांगण्यात भुताखेतांचा भाग होता, पण तेवढाच नव्हता. देवाच्या जागेवर, मग ती चार दगडांची का असेना, तंबू लावायचा नाही, हे त्याने दोनदा बजावले.

महिन्यांचा हिशेब

जागा एकच असली तरी महिन्यागणिक ती बदलते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रान हिरवेगार असते, पण गवत छातीइतके वाढलेले, डास भरपूर आणि धान उभे. धान खायला रानडुकरे येतात. त्यांना मारण्यासाठी काही जण कुंपणात चोरून वीज सोडतात. या तारांनी वाघ मेले आहेत, तशी माणसेही मेली आहेत. म्हणून अंधारात धानाच्या बांधावरून फिरणे हे जंगलात फिरण्यापेक्षा कमी धोक्याचे नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा कुटुंबासाठी उत्तम काळ. रात्री कडाक्याची थंडी असते, तळ्यांवर बाहेरून आलेली बदके असतात, साप कमी दिसतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या भाषेत आगीचा हंगाम. जमिनीवर सागाची वाळकी पाने कुरकुरीत होऊन पसरलेली असतात आणि एक ठिणगी पुरते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. तंबूत दुपार काढणे मुलांना आणि वृद्धांना झेपणारे नाही. पावसाळ्यात प्रश्नच मिटतो. भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, हे आपण दर वर्षी वर्तमानपत्रांत वाचतोच.

कुठे?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जायचेच कशाला? जायचे, जरूर जायचे. या दोन जिल्ह्यांसारखे रान महाराष्ट्रात दुसरीकडे उरलेले नाही. गडचिरोलीचा सुमारे ७० टक्के भाग आजही वनाच्छादित आहे. फक्त जागेचा प्रकार ओळखून जायचे.

पश्चिमेला ताडोबा. १९५५ मध्ये झालेले हे महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान, आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह झालेला व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्रात स्वतःचा तंबू लावण्याचा प्रश्नच येत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही महिने थांबवले होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि मुक्कामाची व्यवस्था गाभ्याबाहेर राहील हे धोरण पक्के झाले. त्यामुळे मोहर्ली, आगरझरी, कोलारा, जुनोना अशा बाजूंनी बफर क्षेत्रातील गावांजवळ मुक्काम करावा लागतो. इथे निवड करताना खोलीपेक्षा परिसर पाहावा. आवाराला कुंपण आहे का, मुलांच्या खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंतची वाट उजेडाची आहे का, उष्टे-खरकटे कुठे टाकतात? खरकट्यावर डुकरे आणि कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मुक्कामाच्या जागेची पारख तिच्या कचऱ्याच्या खड्ड्यावरून करावी, हा माझा अनुभवाने ठरलेला नियम.

पूर्वेला नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेली शेकडो तळी इथे आहेत. सरकारी भाषेत त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. घोडाझरीचा तलाव तर सहलीसाठी प्रसिद्धच आहे. २०१८ मध्ये त्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला, म्हणजे मनाला येईल तिथे तंबू लावण्याचे दिवस संपले. याच पट्ट्यात मूलजवळ सोमनाथ आहे. बाबा आमटे यांनी तिथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीला महाराष्ट्रभरातून तरुण येत राहिले आहेत. छावणी हा शब्द लष्करातून काढून श्रमाला जोडण्याचे काम त्यांनी केले. मुले मोठी झाली की त्यांना रानातला मुक्काम दाखवण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो फक्त पाहुण्याचा नाही.

दक्षिणेला गडचिरोली. वैनगंगेच्या काठावर मार्कंडा देवस्थान आहे. तिथे वस्ती आणि भाविकांचा वावर असल्याने लहान मुलांच्या कुटुंबाला ते सोयीचे. आलापल्लीला राहून भामरागडच्या रस्त्यावरचे 'वनवैभव' पाहता येते. जुन्या, उंच झाडांचा हा जपलेला तुकडा २०१४ मध्ये महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तो पाहायचा, त्यात राहायचे नाही. पुढे हेमलकसा, जिथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प उभा आहे, आणि मग भामरागड, जिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. संगमावरची संध्याकाळ विसरता येत नाही. पण ती पाहून अंधार पडण्यापूर्वी वस्तीत परतावे. या भागाने नक्षलवादी हिंसाचाराची चार दशके पाहिली आहेत. आपण कोण, कुठे उतरलो आहोत हे स्थानिक पोलीस ठाण्याला कळवून ठेवणे ही इथली साधी रीत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. मीठ, धान्य आणि मोहाची दारू यांचा वास हत्तीला लांबून लागतो. म्हणून कळपाचा वावर असलेल्या भागात तंबूत शिधा ठेवून झोपू नये. वडसा, आरमोरीकडच्या रानात गेल्या दशकात वाघही परतला आहे. पाच वर्षांपूर्वी कोणी सुरक्षित म्हणून सांगितलेली जागा आज तशी असेलच असे नाही. माहिती ताजी हवी आणि ती तिथल्या माणसाकडूनच हवी.

कोणाची जागा?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. ही जागा कोणाची? कायद्याचे उत्तर असे आहे, की भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि विस्तव पेटवणे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशालाही परवाना लागतो. म्हणून पहिला अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे. पण २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर उत्तर एवढ्यावर थांबत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो गावांना असे हक्क मिळाले. म्हणजे अशा रानात मुक्काम करताना ग्रामसभेला विचारणे ही केवळ सौजन्याची गोष्ट राहिलेली नाही. माडिया गावांत गोटुल ही पूर्वापार गावाची सामाईक जागा. परका माणूस आला की तो आधी तिथे जाई, गावाला दिसे, मग त्याची सोय होई. पाहुण्याने लपून रानात उतरायचे नाही, ही कल्पना कायद्यापेक्षा जुनी आहे.

ताडोब्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा होतो. ज्या तारू नावाच्या पुरुषावरून ताडोबा हे नाव पडले असे सांगतात, त्याचे स्थान तलावाच्या काठी आहे. वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. पौषात तिथे जत्रा भरत असे. आता तो गाभा आहे आणि भाविकांच्या जाण्यावर बंधने आली. बोटेझरी, नवेगाव, जामनी अशी गावे जंगलातून उठवून बाहेर वसवली गेली. वाघासाठी हे आवश्यक होते असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. वाघ वाढले हे खरे आहे. पण आज बफरमध्ये तंबू भाड्याने घेऊन 'जंगलात राहण्याचा अनुभव' घेणाऱ्याने एवढे मनात ठेवावे, की त्या तंबूत पाणी आणून देणाऱ्या मुलाचे आजोबा कदाचित खरोखरच जंगलात राहत होते.

चंद्रपूर जिल्ह्यात दर वर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात. त्यांत पर्यटक जवळजवळ नसतात. असतात ती सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपानांना, गुरांमागे गेलेली माणसे. वाकून पाने तोडणारी, बसून फुले वेचणारी बाई वाघाला माणूस न वाटता जनावर वाटते, असे अभ्यासक सांगतात. म्हणून आमच्या मुलांना आम्ही शिकवले, की रानात वाकून खेळायचे नाही, मागे एकटे राहायचे नाही, आणि अंधारात शौचाला मोठ्या माणसाशिवाय जायचे नाही. आम्हाला हे दोन रात्रींपुरते पाळायचे असते. गावातल्या आयांना रोज पाळायचे असते, आणि पाळूनही भागत नाही.

त्या मुक्कामानंतर आम्ही अनेकदा गेलो. आता रीत ठरून गेली आहे. दुपारी तीनच्या आत पोचायचे, म्हणजे जागा नापसंत झाली तर हलायला उजेड उरतो. तंबू गाडीतच ठेवून आधी गावात जायचे, चहा घ्यायचा, पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला भेटायचे. सर्पदंशावरची लस असलेले जवळचे रुग्णालय कोणते, मोबाइलची रेंज कुठे मिळते, हे विचारायचे. सरपण रानातून न तोडता गावातून विकत घ्यायचे आणि चूल गावाने दाखवलेल्या जागीच पेटवायची. गावाच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मागायचे नाही, आपले पाणी आपण न्यायचे. कचरा सगळा गाडीत परत. वेठ संपली म्हणतात, पण आपण टाकलेला कचरा दुसऱ्याने उचलायचा असेल तर ती संपलेली नाही.

आणि जागा दाखवणाऱ्याला, कोणी का असेना, एकच प्रश्न विचारायचा, "इथून रात्री कोण जाते?" बहुतेक वेळा उत्तर लगेच मिळते. ते मिळाले की पाण्याकडे पाठ करून उंचवट्यावरची, गावाच्या कुत्र्यांचा आवाज येईल अशी जागा धरायची. तिथून तलाव दिसतोच असे नाही. पण पहाटे पाचला मुलांना उठवून, अंगावर शाल टाकून, गावातल्या कोणाला तरी बरोबर घेऊन पाळीवर जाऊन बसता येते. रात्रभर ज्यांनी ती वाट वापरली, त्यांच्या खुणा दवात ताज्या असतात. मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने खुरांचा एक ठसा बोटाने न पुसता नुसता दाखवला आणि विचारले, "हा गेला की अजून इथेच आहे?" मला सांगता आले नाही. बरोबरच्या ढिवराने वाकून पाहिले आणि सांगितले.